स्पे नदीच्या खोऱ्याचे नृत्य

स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून स्पे नावाची वेगवान नदी उत्तर समुद्राकडे धावते. ‘स्ट्रॅथ’ म्हणजे नदीचे रुंद खोरे. म्हणून तिचा प्रदेश तो स्ट्रॅथस्पे. याच प्रदेशाचे नाव एका नृत्यप्रकारास मिळाले आहे.

‘रील’ हे चपळ नृत्य. स्ट्रॅथस्पे त्याहून संथ व डौलदार. त्याच्या सुरावटीत आखूड स्वरामागून लांब स्वर असा झटका वारंवार येतो. फॉखाबर्स येथे १७४८ साली जन्मलेल्या विल्यम मार्शल यांनी ड्यूक ऑफ गॉर्डन यांच्या पदरी नोकरी करीत अशा अनेक सुरावटी रचल्या.

पहिल्या महायुद्धानंतर स्कॉटलंडची ही सामाजिक नृत्ये विस्मरणात जाऊ लागली. तेव्हा १९२३ साली ग्लासगो येथे जीन मिलिगन व इझोबेल स्ट्यूअर्ट या दोघींनी पुढाकार घेऊन संस्था स्थापिली. संस्थेने जुनी नृत्ये जमविली, छापली व शिकविली. मिलिगनबाई शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका होत्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्यांनी स्पे नदी कधी पाहिली नाही, असे दूरदेशीचे लोकही आज तिच्या नावाचे नृत्य करतात.

गावोगावची नृत्ये कुणी शिकविली नाहीत, तर ती एका पिढीत लोपतात. शिकविणारा भेटला, की तीच समुद्र ओलांडतात.