हयातीचा दाखला



संयोजकांनी मला ‘बदलता काळ’ या विषयावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. विषय मोठा आहे. मी आपला नोव्हेंबर महिन्यापुरतंच बोलतो.

१९७५ ला एस.एस.सी. झालेले आपण बहुतेक जण आता पेन्शनर. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. पूर्वी बँकेत जाऊन साहेबांसमोर सही केली, साहेबांनी मान वर करून पाहिलं, की झालं. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ आलं आणि सहीच्या जागी अंगठा आला. गंमत बघा, अंगठेबहाद्दर राहू नये म्हणून आईवडिलांनी आपल्याला शाळेत घातलं, आणि साठीनंतर आपण पुन्हा अंगठ्यावर आलो!

तोही धड उठत नाही. वयानं बोटांची कातडी कोरडी पडते, रेषा झिजतात. ज्यांनी जन्मभर शेतात राबून किंवा भांडी घासून दिवस काढले, त्यांच्या तर आधीच झिजलेल्या. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीची फॅमिली पेन्शन याच पायी अडली. नाव सांगत नाही, पण तिच्या परवानगीनं सांगतोय. ठसा जुळेना. मुलगा परगावी. तिनं चार खेपा घातल्या आणि गप्प बसली. आपल्यापैकी कुणाला अक्षरानं कळवलं नाही. ग्रुपवर मात्र रोज सकाळी तिचं ‘शुभ सकाळ’, गुलाबाच्या फुलासकट! संक्रांतीला मी आणि सौ. तिळगूळ द्यायला गेलो, तेव्हा बोलण्यातून निघालं.

खरं तर एकाच बोटावर अडून बसायचं कारण नसतं. दुसरं बोट चालतं, डोळ्यांची बुबुळं चालतात. २०२१ पासून तर चेहऱ्यावरही काम होतं. मोबाइलसमोर बसायचं आणि सांगितलं की पापण्यांची उघडझाप करायची. सौ.नं फोन धरला, हिनं पापण्या मिटल्या-उघडल्या आणि बाई जिवंत आहेत हे सरकारला पटलं. अडलेले पैसेही पुढे जमा झाले.

आपल्या ‘शुभ सकाळ’ला मुलं हसतात. हसू देत. या वयात ती आपली रोजची हजेरी आहे. पण आठवा, आपल्या बाई ‘हजर’ ऐकूनही मान वर करून पाहायच्या, दुसऱ्याच कुणी आवाज दिला नाही ना म्हणून. ते मान वर करून पाहणं आपल्या ग्रुपवर राहून गेलंय. दोन दिवस कुणाचा संदेश आला नाही तर फोन करायचाच. पण रोज येत असला तरी महिन्यातून एकदा तरी करायचा. आणि तब्येत विचारून झाली की पैशाअडक्याचंही विचारायचं. आपल्या पिढीला ते उगाच अवघड वाटतं.

तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहापासून, माझ्या घरी या. आधार कार्ड, पीपीओ नंबर, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा. ओटीपी त्याच्यावर येतो, तेव्हा तो सुनेकडे ठेवून येऊ नका. गुरुजनांनी जिने उतरायचे नाहीत, आम्हीच त्यांच्याकडे जाऊ. कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर पोस्टमन घरी येऊनही हे करून देतो, त्याची सोय मी बघेन. चहा दोन्ही असेल, साखरेचा आणि बिनसाखरेचा.