पायरी गाळावी, पण केव्हा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चौबे कॉलोनी, रायपूर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवकाल असे भारदस्त विषय शोभून दिसतात. आम्ही मात्र मोटारीचा गिअर हा विषय निवडला, तेव्हा कार्यवाहांच्या चेहऱ्यावर क्षणभर चिंता उमटली. परंतु थोडा विचार करावा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे सीमा बदलल्या, पण सोयरिकी बदलल्या नाहीत. लग्नकार्य असो, महालक्ष्म्या असोत वा दिवाळी, येथील मराठी कुटुंब गाडी काढते आणि भंडाऱ्यावरून नागपूर गाठते. चक्रावर आता घरातली नुकताच परवाना मिळालेली मुले-मुली असतात आणि मागे आजी-आजोबा बसलेले असतात. तेव्हा हा विषय आपल्या घराबाहेरचा खचित नाही.

वाद जुना आहे. वडील म्हणतात, "गिअर एकेक करून बदलावा." मुलगा दुसऱ्यावरून थेट चौथा टाकतो आणि म्हणतो, "काही होत नाही." आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य रस्त्यावर फार महाग पडते.

प्रथम गिअर म्हणजे काय ते पाहू. इंजिनाला वेगाने फिरणे आवडते, पण मंद फिरताना त्याच्या अंगी बळ नसते. चाकांना मात्र सुरुवातीला बळ हवे असते आणि नंतर वेग. या दोघांची सोयरीक गिअरपेटी जुळवते. समजा, चौथ्या गिअरमध्ये एका ठरावीक वेगाला इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते. एखाद्या साध्या मोटारीत त्याच वेगाला तिसऱ्यात सुमारे २६००, दुसऱ्यात ४०००, आणि पहिल्यात तब्बल ७००० फेरे त्याला घ्यावे लागतील. हे चार आकडे ध्यानात ठेवावेत. पुढील सारे विवेचन त्यांतच आहे.

आता वडिलांचा नियम कोठून आला? पूर्वीच्या गिअरपेटीत दोन दात्यांचे वेग चालकाने स्वतः जुळवावे लागत. ट्रकवरचे उस्ताद 'डबल क्लच' मारीत ते याचसाठी. क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. शेजारच्या गिअरांत वेगाचा फरक थोडा, म्हणून एकेक पायरी सोपी. दोन पायऱ्यांची उडी घेतली की दाते करकरत. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश ही युक्ती आली आणि वेग जुळविण्याचे काम पितळी कड्यांनी आपल्याकडे घेतले. आपल्याकडील अँबॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी या मोटारींचा दांडा स्टिअरिंगपाशी असे. ज्यांनी तो हाताळला त्यांना 'सावकाश' या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. १९८३ साली मारुती ८०० आली, दांडा पायांशी आला, हलका झाला, आणि पायरी गाळणे हाताला सहज साधू लागले.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. मोटारसायकलला पायरी गाळताच येत नाही. चौथ्यावरून दुसऱ्यावर यायचे तर तिसरा ओलांडूनच यावे लागते. यंत्राची रचनाच तशी आहे. मोटारीत मात्र कोणत्याही घरातून कोणत्याही घरात जाता येते. जेथे यंत्र अडवीत नाही तेथे विवेकाने अडवावे लागते.

आता वर जाताना. समोरच्या ट्रकला ओलांडण्यासाठी आपण दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चांगली पळविली, इंजिन ४००० फेऱ्यांवर आहे, आणि पुढे रस्ता मोकळा आहे. येथून थेट चौथा टाकला तर इंजिन २००० वर येते. यात काहीही बिघडत नाही. तिसरा गाळला तरी चालेल. मात्र दुसऱ्यात इंजिन जेमतेम २००० वर असता चौथा टाकला, तर ते १००० वर घसरते. गाडी थरथरते, इंजिन कण्हू लागते. पेट्रोल वाचेल या आशेने पुष्कळ जण तसेच रेटतात. पण त्या क्षणी वेग वाढविण्याची गरज पडली तर गाडी जागची हलत नाही. समोरून बस येत असता हे कण्हणे जिवावर बेतू शकते. तात्पर्य, आधी वेग कमवावा आणि मग पायरी गाळावी.

खाली येताना क्रम उलटा. जी. ई. रोडने टाटीबंधकडे जाताना पुढे चौकातला दिवा लाल झाला. चौथ्यावरून तिसरा, मग दुसरा, अशी प्रत्येक पायरी उतरण्याची आज गरज नाही. जुन्या गाड्यांचे ब्रेक दुबळे, म्हणून गिअरांच्या आधाराने थांबावे लागे. आज ब्रेकने वेग कमी करावा आणि उरलेल्या वेगाला शोभेल तो गिअर, बहुधा दुसरा, एकदम टाकावा. परंतु वेग कमी होण्याआधीच दुसरा टाकून क्लच झटक्याने सोडला, तर चाके इंजिनाला फरफटत ४००० वर नेतात. पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर अशा झटक्याने चाके घसरू शकतात. आणि चुकून पहिला पडला तर? तेच ते ७००० फेरे. इंजिनाच्या झडपांची धडगत राहत नाही. म्हणून आधी ब्रेक, मग गिअर, आणि क्लच हळूहळू.

आता सर्वांत महत्त्वाचे, घाटाचे. बस्तरचा दसरा पाहण्यास किंवा चित्रकोटचा धबधबा पाहण्यास आपण जगदलपूरला जातो, तेव्हा कांकेर सोडल्यावर केशकालचा घाट लागतो. कवर्ध्याहून जबलपूरकडे जाताना चिल्पीची घाटी लागते. घाट उतरताना ब्रेक हा मुख्य आधार नव्हे. गिअर हा मुख्य आधार आहे. जो घाट ज्या गिअरात चढावा लागतो, साधारण त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तसाच खरा आहे. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. शिवाय हा खालचा गिअर उताराच्या तोंडाशीच टाकावा. गाडी भरधाव झाल्यावर तो टाकणे अवघड आणि धोक्याचे.

घाटात न्यूट्रल करणे म्हणजे एक नव्हे, सगळ्याच पायऱ्या गाळणे होय. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कित्येक वाहने चिरडली. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे प्राथमिक तपासात पुढे आले. इंजिन बंद पडले की मोठ्या वाहनांत ब्रेकसाठी लागणारी हवा भरणे थांबते. मोटारीतही ब्रेक दोन-चार दाबांनंतर दगडासारखा होतो. आणि हे सारे कशासाठी? चार पैशांच्या इंधनासाठी! वास्तविक आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे बचतही नाही आणि सुरक्षितताही नाही.

कोणी म्हणेल, आता स्वयंचलित गिअरच्या गाड्या आल्या, या चर्चेचा उपयोग काय? त्या गाड्यांनाही पुढचा घाट दिसत नाही. बहुतेकींत खालचा गिअर हाताने धरून ठेवण्याची सोय असते. उतारावर ती वापरावी.

वडीलधाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. मुलांना 'असे करू नकोस' एवढेच सांगू नये. तसे का, हेही सांगावे. कारण न कळता पाळलेला नियम पहिल्या मोकळ्या रस्त्यावर मोडतो. कारण कळले म्हणजे नियम कोठे सोडावा आणि कोठे प्राणपणाने धरावा, हे मुलगा स्वतःच ओळखतो. आणि तरुणांना सांगणे हे की, वाट पाहणारे माणूस नागपूरला असते तसेच रायपूरलाही असते. पंधरा मिनिटे उशीर झाल्याने कोणाचे पंगतीतले पान उचलले जात नाही.