देशव्रत आणि मोबाईल
(व्याख्यानाचे शब्दांकन)



सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. कोरोनाकाळात अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक निर्णय केला. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद व्हावयाचे, ते साडेआठपर्यंत. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, वडीलधाऱ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. प्रारंभी लोकांना हसू आले. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार फिरले आणि गावाला सवय लागली.

त्याच वर्षी आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. हेतू चांगलाच होता. तथापि वडगावची रीत अधिक पटते, कारण तेथे भोंगा आजोबांसाठीही वाजला. बापाने मालिका पाहत बसावे आणि मुलाला पुस्तक उघडावयास सांगावे, हे कोणत्या घरी चालले आहे?

श्रावकास ही कल्पना नवी वाटू नये. बारा व्रतांपैकी दिग्व्रतात दिशांची मर्यादा जन्मभरासाठी असते. देशव्रतात तीच मर्यादा आणखी आखडून, काही काळापुरती, या गल्लीपर्यंत, या घरापर्यंत अशी घेतली जाते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. आनयन म्हणजे मर्यादेबाहेरची वस्तू मागविणे. प्रेष्यप्रयोग म्हणजे दुसऱ्यास पाठवून काम करवून घेणे. शब्दानुपात म्हणजे खोकून-खाकरून बाहेरच्यास सूचना देणे, रूपानुपात म्हणजे आपले रूप दाखवून खुणावणे आणि पुद्गलक्षेप म्हणजे खडा फेकून लक्ष वेधणे. पाय उंबऱ्याच्या आत, व्यवहार मात्र सगळा बाहेर! आज हे पाचही अतिचार एका हातात मावतात. घरबसल्या वस्तू येते, हुकूम जातो, आवाज जातो, चेहरा जातो; आणि दिवसभर येणारे संदेश हे खडे नव्हेत तर काय?

यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. २०२० च्या टाळेबंदीत मंदिरांची दारे बंद असता प्रवचन याच यंत्रातून घरी पोहोचले. पुण्यात नोकरीस असलेल्या मुलाचा चेहरा वसमतच्या आईला रोज दिसतो, तो यामुळेच. प्रश्न आहे तो एकाच छताखाली, एकाच ताटावर बसलेल्यांचा. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे खिशातील थरथरीने किती वेळा मोडतात, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. २०२२ च्या पर्युषणकाळात मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात बेगमगंजच्या जैन समाजाने चोवीस तासांचा ‘डिजिटल उपवास’ केला होता. सगळ्यांनी मिळून केल्यामुळे तो सोपा गेला असावा. एकट्याने फोन बंद ठेवला तर चार नातलग काळजीने दाराशी येतात.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या पाचही तालुक्यांतील समाज मोठा नाही. बहुतेक घरे एकमेकांस ओळखतात, शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनास गेले की चार ओळखीचे भेटतातच. तरीही क्षमावाणीच्या दिवशी काय होते, ते पाहावे. ‘उत्तम क्षमा’ लिहिलेले फुलांचे चित्र सकाळीच तीनशे जणांना एकदम जाते. त्या तीनशेत तो भाऊही असतो, ज्याच्याशी वाटणीवरून सात वर्षे अबोला आहे. त्यालाही तेच चित्र. तोही उलट हात जोडलेले चिन्ह पाठवितो. दोघांचेही कर्तव्य झाले, आणि अबोला आठव्या वर्षात जातो.

यंदाच्या क्षमावाणीस सकाळचा दीड तास सर्वांनी फोन घरी ठेवावेत, विश्वस्तांनी आधी ठेवावेत, असे सुचवावेसे वाटते. भावाचे घर बहुधा पुढच्याच गल्लीत असते.