स्वागताध्यक्षांचे भाषण



आई रेणुकेच्या आणि दत्तप्रभूंच्या या गावात आपले मनापासून स्वागत. केमोथेरपीने बधिर झालेल्या हातापायांना ॲक्युपंक्चरने कितपत आराम पडतो, हा आपल्या परिषदेचा विषय. त्यातले मला काय कळणार? मी आपला माहूरबद्दल बोलतो.

दत्तशिखर, अनसूयामाता, सोनापीर बाबांचा दर्गा, पांडवलेणी आपण पाहालच. पण आमच्या रायबागनला कोणी विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार. रायबागन म्हणजे सावित्रीबाई, माहूरची देशमुखीण. 1661 साली शिवरायांनी उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची कोंडी केली, तेव्हा ही बाई खानाच्या फौजेत होती. आता मुकाट्याने शरण जा, असे खानाला सुनावणारीही तीच. मोगलांकडून लढली म्हणून आपण तिला विसरलो. पण भर खिंडीत सरदाराला खरे सांगायला छाती लागते! आमच्या पेशंटांनी एवढे तरी तिच्याकडून घ्यावे. बोटांना मुंग्या आल्या, पोलक्याचे हूक लागेना, की डॉक्टरांना लगेच सांगावे. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लाटिनसारख्या औषधांचा डोस वेळीच कमी करता येतो. लोक मात्र उपचार थांबतील या धास्तीने गप्प बसतात.

आता ॲक्युपंक्चरशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल. 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी 1959 मध्ये ॲक्युपंक्चर भारतात आणले, म्हणजे या विद्येला आपण काही परके नाही. काल एका पाहुण्यांनी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत केसासारख्या सुया टोचून दाखवल्या. लहान चाचण्यांत गुण दिसतो, पक्का पुरावा अजून नाही, आणि प्लेटलेट फार उतरले असतील तर सुई टाळावी, हेही त्यांनीच सांगितले. असा माणूस मला पटतो.

आता माफी. भक्त निवासाच्या खोल्या कमी पडल्या, रात्री लाईट गेली, सकाळी गरम पाणी सगळ्यांना पुरले नाही. आमटी तिखट झाली असेल, तर तो आमच्या भागाचा गुण समजून पोटात घाला. मंडपवाले, किराणा देणारे व्यापारी, तांबुलासाठी पाने पाठवणारे शेतकरी, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या ताई आणि ज्यांनी नाव घेऊ नका अशी तंबी दिली ते दाते, सर्वांचा मी ऋणी आहे.

एकच विनंती. ज्यांचे तळपाय बधिर आहेत त्यांनी भर दुपारी गडाच्या पायऱ्या अनवाणी चढू नयेत. चटका कळत नाही, फोड मात्र येतो. संध्याकाळी जावे, कठडा धरून, आमच्या स्वयंसेवकांना सोबत घेऊन.