शिस्त, शिक्षा आणि वसतिगृहातलं मूल
(यतीमखाने, वसतिगृहे व बालगृहे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मामूंनी मला वसतिगृहात आणून सोडलं आणि निघताना उस्तादांना म्हणाले, 'हड्डी हमारी, चमडी आपकी.' त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, सगळेच तसं म्हणायचे. तिथला मार मी विसरलो. विसरलो नाही ती कोठीची खोली. फजरला उठायला उशीर झाला की आत ढकलून बाहेरून कडी लागायची. आज मी स्वतः एका संस्थेचा विश्वस्त आहे, म्हणून हे बोलणं मला भाग आहे.

आपल्यातले काही जण म्हणतात, 'छडीबंदी शाळांना आहे, आपल्याला नाही.' २०१२ च्या दुरुस्तीनं मदरसे आणि वेदपाठशाळा शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्या, हे खरं. पण २०१५ चा बाल न्याय कायदा आहेच. त्याचं कलम ७५ संस्थेची पाटी वाचत नाही. मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे, त्यानं त्याला मारलं, छळलं, विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास दिला, तर तो गुन्हा. संस्थेचा चालक किंवा कर्मचारी असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

बालगृहांसाठी कलम ८२ वेगळं आहे. शिस्तीसाठी मारलं तरी पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. शिवाय नोकरी जाऊ शकते आणि पुढं मुलांसोबत काम करायलाही बंदी येते. व्यवस्थापनानं चौकशीत सहकार्य केलं नाही, तर प्रमुखाला किमान तीन वर्षांची कैद. म्हणजे 'घरची गोष्ट घरात मिटवू' म्हणणारा विश्वस्त छडी उगारणाऱ्यापेक्षा मोठा गुन्हेगार ठरतो. मला हे योग्य वाटतं.

आता कोंडण्या-बांधण्याबद्दल. एखादं मूल गच्चीच्या कठड्यावर चढलं, दुसऱ्याच्या डोक्यात दगड घालायला निघालं, तर त्याला धरावंच लागेल. ते धरणं वाचवण्यासाठी असतं, धोका टळला की हात सुटतो. पळून जाऊ नये म्हणून साखळी घालणं, धडा शिकवायला खोलीत कोंडणं, ही शिक्षा झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णांसाठी हीच रेघ आखली आहे: तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, गरजेपुरताच वेळ, आणि शिक्षा म्हणून कधीच नाही. मनोरुग्णासाठी जे किमान आहे, ते धडधाकट मुलासाठी कमी कसं असेल? ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका केंद्राला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या २८ जणांना पळता आलं नाही. साखळी घालणाऱ्यांनाही तेव्हा ती सुरक्षाच वाटत असणार.

'मग मुलं ऐकतील कशी?' असं वॉर्डन विचारतात. प्रश्न रास्त आहे. साठ मुलांमागं एक माणूस, तुटपुंजा पगार, रात्रीची झोप नाही. अशा माणसाचा हात उठतो तेव्हा दोष एकट्या त्याचा नसतो. माणसं वाढवणं हे आम्हा विश्वस्तांचं काम. नव्या इमारतीसाठी चंदा जमतो, तसा दुसऱ्या वॉर्डनच्या पगारासाठीही जमवायला हवा.

बाकीच्या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. तक्रारपेटी कार्यालयापासून दूर लावा आणि तिची किल्ली वॉर्डनकडे ठेवू नका. मुलांची समिती नेमा, तिच्या सभा नियमानं होऊ द्या. मुलाला धरावं लागलं तर कोणी, का, किती वेळ धरलं हे त्याच दिवशी नोंदवहीत लिहा. १०९८ हा नंबर मुलांना दिसेल अशा भिंतीवर रंगवा. आणि ज्यांनी नोंदणी केलेली नाही, त्यांनी ती करावी. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, सरकारी अनुदान असो वा नसो, ती सक्तीची आहे.

आपले पैगंबर स्वतः यतीम होते. आपण हे दरवर्षी जलशात सांगतो, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. त्याच रात्री आपल्या कोठीच्या खोलीला बाहेरून कडी आहे का, तेवढं घरी जाण्याआधी बघा. असेल तर काढून टाका. त्याला एक पाना पुरतो.