गांव कशाला म्हणावें?

खेडें म्हटलें कीं शहरांतील माणसाच्या मनांत चावडी, देऊळ, पार आणि कौलारू घरें उभीं राहतात. सरकारी दप्तरांतील गांव याहून निराळें असतें. तेथें गांव म्हणजे मोजणी झालेली, शिवेचे दगड पुरलेली जमीन; तिच्यावर माणसें राहत असलींच पाहिजेत असें नाहीं. खानेसुमारीहि बव्हंशीं याच महसुली गांवाला धरून चालते. म्हणूनच 2011 च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील सुमारें 43,600 गांवांपैकीं अडीच हजारांहून अधिक गांवें निर्जन आढळलीं. अशा गांवास दप्तरांत ‘बेचिराख’ म्हणतात. फारसी ‘चिराग’ म्हणजे दिवा. जेथें सांजवेळीं एकहि दिवा लागत नाहीं तें बेचिराख. माणूस नाहीं, पण नकाशा आहे, सातबारा आहे, यादींत नांव आहे! उलट एखाद्या पाड्यावर साठ-सत्तर चुली पेटत असतील. पण त्याची स्वतंत्र शीव आंखलेली नसली, तर तेथील माणसें शेजारच्या गांवाच्या आंकड्यांत विरून जातात.

महसुलाचें गांव एक, तर पंचायतीचें दुसरें. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणें एका महसुली गांवाला पंचायत देतां येते, तशीच अनेक गांवें मिळून एकच गट ग्रामपंचायतहि करतां येते. राज्यांत वस्ती असलेलीं गांवें एक्केचाळीस हजारांच्या घरांत, आणि पंचायती सुमारें अठ्ठावीस हजार. यावरून किती गांवांना दुसऱ्याच्या ओसरीवर बसावें लागतें तें दिसून येईल. दीड हजार वस्तीपर्यंतच्या पंचायतींत सात सभासद असतात. गटांतील लहान गांवाच्या वांट्याला त्यांपैकीं एखाददुसरा आला, तर मोठ्या गांवापुढें त्याचा आवाज तो किती चालणार?

गडचिरोली जिल्ह्यांत धानोऱ्यानजीक मेंढा नांवाचें गोंडांचें असेंच एक गांव आहे. वस्ती पांचशेंच्या आसपास. शेजारच्या लेखा गांवच्या गट ग्रामपंचायतींत तें मोडत असे, आणि म्हणूनच ‘मेंढा-लेखा’ या जोडनांवानें बाहेर ओळखलें गेलें. पंचायत दुसरीकडे असली तरी बैठक आपली, असें ठरवून येथील लोकांनीं गांवापुरती ग्रामसभा भरविण्याचा परिपाठ ठेवला. मतें मोजून निर्णय करावयाचा नाहीं. सर्वांची संमति मिळेतों विषय पुन्हां पुन्हां बोलावयाचा. या पद्धतींत वेळ जातो खरा. पण हरलेला पक्ष उरत नाहीं, हा लाभ थोडा नव्हे.

2006 च्या वनहक्क कायद्यानें गट पंचायतीला नव्हे, तर गांवच्या ग्रामसभेला हक्काची मागणी करण्याचा अधिकार दिला, तेव्हां हीच जुनी संवय उपयोगी पडली. 2009 मध्यें सुमारें 1,800 हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशांत असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गांवांत त्याची गणना होते. कागद हातीं आला, तरी बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि परवान्याचें पुस्तक वनखात्याकडे! तें पुस्तक 27 एप्रिल 2011 रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यांत आलें. पुढें 2013 मध्यें गांवानें आपल्या खाजगी जमिनीहि 1964 च्या ग्रामदान कायद्याखालीं ग्रामसभेकडे सोंपविल्या.

मेंढा निदान यादींत तरी होतें. ज्या टोल्या-पाड्यांना तेंहि भाग्य नाहीं, त्यांच्यापैकीं अनुसूचित क्षेत्रांतील वस्त्यांना 1996 च्या पेसा कायद्यानें एक वाट मोकळी केली. आपल्या रूढीप्रमाणें कारभार पाहणारी वस्ती म्हणजे गांव, अशी व्याख्या त्यानें केली. दप्तर तेंच, पण गांवाचें माप दगडावरून माणसांवर आलें. महाराष्ट्राचे यासंबंधींचे नियम मात्र 2014 मध्यें, म्हणजे अठरा वर्षांनीं निघाले. त्यांप्रमाणें पाड्यानें ठराव करून स्वतंत्र गांवाचा दर्जा मागावयाचा असतो, आणि ठरावाला निम्म्या मतदारांचा पाठिंबा लागतो. दोनशें मतदारांच्या पाड्यावर शंभर माणसें एके दिवशीं जमवावयाचीं, तर मजुरीसाठीं परगांवीं गेलेलीं माणसें पावसाच्या तोंडावर घरीं परततात, तोंवर थांबावें लागतें.