बांधाबाहेरची तिवरं



निवेदकांनी माझी ओळख 'खाडीला बांध घालणारा इंजिनीअर' अशी करून दिली. त्यातल्याच एका बांधाबद्दल आज बोलतो.

मधल्या सुट्टीत आपण शाळेमागच्या उघाडीवर निवट्या पकडायला जायचो. चिखलाचे पाय पाहून बाई ओळखायच्या. तेव्हा बांधाबाहेर तिवरांची दाट रांग होती. पुढे मी नोकरीला लागलो आणि त्याच बांधाच्या मजबुतीचं काम माझ्याकडे आलं. माती जवळची हवी, ट्रॅक्टरला वाट हवी, म्हणून ती रांग मी तोडायला लावली. अंदाजपत्रकात तिवरांची किंमत धरली होती शून्य. आपल्याच वर्गातल्या एकाचे वडील मला म्हणाले होते, "पोरा, तिवरं काढलीस तर लाट थेट बांधाला भिडंल." मी हसलो होतो.

तिसऱ्या पावसाळ्यात, अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड गेली. खारं पाणी आत शिरलं आणि आतच राहिलं. बांध उंच, उघाडी गाळाने बुजलेली. पाणी जाणार कुठून? पुढची तीन वर्षं तिथे भात झालं नाही. काकांची पावणेदोन एकर त्यातच होती. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

बऱ्याच वर्षांनी ओडिशाचा एक अभ्यास वाचनात आला. 1999च्या महाचक्रीवादळानंतर भितरकनिका परिसरातल्या तीन गावांचं नुकसान अभ्यासकांनी घरागणिक मोजलं. तिवरांच्या आडोशाच्या गावात ते सरासरी 33 डॉलर भरलं. ना तिवरं ना बांध, अशा गावात 44. आणि नुसता बांध असलेल्या गावात 154! बांध ओलांडून आलेलं पाणी तिथेही आत अडकलं होतं. मी ते पान दोनदा वाचलं.

तिवरं पाणी अडवत नाहीत. मुळांच्या नि खोडांच्या गर्दीत लाटेचा जोर मोडतो, गाळ बसतो, आणि ओहोटीला पाणी परत जायला वाट राहते. त्या मुळांतच कोळंबी आणि चिंबोऱ्यांची पिल्लं वाढतात. जिताडा महाग झाला म्हणून आपण हळहळतो, पण त्याची पिल्लं जिथे वाढायची ती जागा कोणी मोडली, हे विचारत नाही. (उत्तर द्यायला मी इथे उभा आहेच.)

मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "आमच्या शेतात तिवरं आली, आता ना पिकवता येत ना काढता येत." खरं आहे. 2018च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिवर तोडण्यावर बंदी आहेच. पण खांडी वेळेवर बुजवल्या नाहीत, म्हणून शेतं बुडाली. ज्यांची जमीन गेली त्यांना भरपाई मिळायलाच हवी. मी बांध नको म्हणत नाही. आत भात, मधे बांध, बाहेर तिवरं, अशी आपल्या आजोबांची रचना होती. बाहेरची ओळ मी खोडली.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचने शाळेला मागच्या बाजूने काँक्रीटची भिंत बांधून द्यायचं ठरवलं आहे. माझी विनंती आहे, त्यातले थोडे पैसे बांधाबाहेरच्या बुजलेल्या नाळीसाठी ठेवा. रोपं लावून फोटो काढायची घाई नको. भरतीचं पाणी नीट येऊ-जाऊ लागलं, की पलीकडच्या काठावरून तिवरांचं बी आपोआप वाहत येतं. नाळ परवानगी घेऊनच मोकळी करावी लागेल. अर्ज मी लिहून आणला आहे, सह्या जेवणानंतर घेऊ.

काकांचा मुलगा पहिल्या रांगेत बसला आहे. पहिली सही त्याने करावी, अशी माझी इच्छा आहे. पण नाही केली, तरी मला समजेल.